सप्रेम भेट, प्रमाण एकास वीस

मराठी मध्यमवर्गात भेटवस्तू कुणाच्याच मालकीची नसते. ती काही दिवस वस्तीला येते, इतकंच. लग्नातला लेमन सेट बारशाला जातो, बारशातलं घड्याळ वास्तुशांतीला आणि वास्तुशांतीतला पितळी दिवा कुणाच्या तरी एकसष्टीला. दर मुक्कामाला खोक्यावरची चिकटपट्टी तेवढी वाढते. ब्लाऊजपिसांचं तर विचारूच नका. काहींच्या घड्या दोन पिढ्यांत मोडलेल्या नाहीत. या व्यवस्थेत कुणाचं नुकसान नाही. देणाऱ्याचं काम होतं, घेणाऱ्याचा मान राहतो आणि माळ्यावर जागा होते. पथ्य एकच: वस्तू जिच्याकडून आली तिच्याचकडे परत जाऊ द्यायची नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे चक्र अडवलं ते पहिल्या मजल्यावरच्या नानांनी. नाना घरी बसून कागदाच्या भेटवस्तू करतात, आणि प्रत्येक वस्तूवर घेणाऱ्याचं नाव असतं. नुसतं नाव असतं तर वरून चिठ्ठी चिकटवून भागलं असतं. पण नानांच्या चौकटीत नाव, लग्नाची तारीख, दोघांचे चष्मे, गॅलरीतली तुळस आणि जावयाची मोटारसायकल नंबरप्लेटसकट कागदात वळून बसवलेली असते. अशी वस्तू पुढे सरकवायची तर त्याच नावाचं, त्याच तारखेला लग्न झालेलं आणि तीच मोटारसायकल चालवणारं जोडपं शोधावं लागेल.

पूर्वी भांड्यांच्या दुकानात टरटर वाजणाऱ्या यंत्रानं स्टीलच्या डब्यावर ‘सप्रेम भेट’ टोचून मिळायचं. त्या डब्याचाही प्रवास तिथेच थांबायचा. पण डब्यात निदान साखर ठेवता येते. नानांच्या वस्तूत काही ठेवता येत नाही. तिलाच कुठेतरी ठेवावं लागतं.

नाना एका सरकारी खात्यात आरेखक होते. संगणकाच्या आधीचे. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेनाची रेघ चुकली, तर अर्ध्या ब्लेडनं शाई अलगद खरवडायची, खरवडलेली जागा नखाच्या पाठीनं घोटून गुळगुळीत करायची आणि मग त्यावरून बरोबर रेघ ओढायची, यात त्यांची उमेद गेली. अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे बदलीच्या निरोप समारंभात कोण खरं रडतंय हे त्यांच्या कचेरीत कळत नसे. पुढे संगणक आला आणि मिनी-ड्राफ्टर कपाटावर गेला. नाना निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते सध्या आमच्या दिवाणखान्यात आहे. आमच्या वास्तुशांतीला आलं होतं.

निवृत्त पुणेकर पुरुषाला तीन वाटा मोकळ्या असतात: पहाटेची टेकडी, ज्येष्ठ नागरिक संघ आणि वर्तमानपत्राला पत्रं. नाना तिन्ही वाटांनी थोडं थोडं जाऊन परत आले. त्याच सुमारास नात सुटीत आली आणि शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला क्विलिंगचा संच विसरून गेली. तीन मिलिमीटर रुंदीच्या रंगीत पट्ट्या आणि टोकाला फट असलेली एक सुई. पट्टीचं टोक फटीत अडकवायचं, गुंडाळायचं, सैल सोडायचं आणि चिमटायचं. एका बाजूला चिमटलं तर थेंब, दोन्ही बाजूंना चिमटलं तर डोळा. मग ते कार्डावर उभ्या धारेनं चिकटवायचं. नातीनं केलेलं फूल नानांनी भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, “पाकळ्या पाच, आणि पाचही वेगळ्या मापाच्या. हे मंजूर होणार नाही.” त्यांनी सहा इंची पट्टी काढली, वर्तुळांचा स्टेन्सिल काढला आणि फूल पुन्हा केलं. ते अजून करताहेत.

काकूंच्या मते हा रोग जुनाच. नानांना तीन बहिणी, आणि तिघींच्या रुखवतात नानांचा हात होता. काड्यापेटीच्या काड्यांची बैलगाडी, पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, क्रेप कागदाचे गुलाब आणि मध्यभागी नवरानवरीची नावं घातलेली कापसाची महिरप. दिवाळीत सगळ्या वाड्याचे आकाशकंदील त्यांच्याकडे. कामट्या बांधायच्या, घोटीव कागदाच्या करंज्या वळायच्या, कणकेची खळ शिजवायची. रात्री त्या खळीवर उंदीर यायचे. नाना त्याला ‘सामग्रीची गुणवत्ता’ म्हणत.

कागदाबद्दल नानांची मतं पक्की आहेत आणि ती ऐकून घेतल्याशिवाय ऑर्डर घेतली जात नाही. कुणी “जरा जाड कागद वापरा” म्हणालं की ते सुरू होतात. “जाड म्हणजे किती? जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. ए फोरचे सोळा कागद मांडले की एक चौरस मीटर होतो. म्हणजे 80 जीएसएमचा तुमचा झेरॉक्सचा कागद भरला पाच ग्रॅम. खोक्याला मी 300 वापरतो. आता सांगा, जाड म्हणजे किती?” माणूस म्हणतो, “तुम्ही म्हणाल तेवढा.” तिथून पुढे सगळं नाना म्हणतील तेवढंच होतं.

मग ग्रेन. यंत्राच्या कागदातले धागे एका दिशेनं झोपलेले असतात. त्या दिशेनं घडी घातली तर सरळ बसते, आडवी घातली तर कडेला फाटे फुटतात. नाना कागदाचा तुकडा पाण्यात बुडवून तो कुठे वळतो ते दाखवतात. समोरच्यानं मान डोलावली की त्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेची गोष्ट ऐकायला मिळते. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून 1940 साली ती उभी राहिली; तिथे झाड तोडून नव्हे, तर सुती चिंध्यांच्या लगद्यातून कागद होतो, हातातला साचा दोन्हीकडे हलवतात म्हणून त्या कागदाला ग्रेन जवळजवळ नसतोच. तिथून गाडी जुन्नरला जाते, कारण मराठेशाहीतली दप्तरं जुन्नरी कागदावर लिहिली जात. आणि जुन्नरहून दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला, जिथे कागद करणाऱ्यांची वस्तीच होती. ज्या बाईला भाचीच्या वाढदिवसाचं कार्ड हवं असतं, ती कागजीपुऱ्यापर्यंत आली की पिशवी या हातातून त्या हातात घेते. नाना तुघलकापर्यंत पोचले की ती चपला घालते.

डिंकाच्या बाबतीत नाना एकेश्वरवादी आहेत. फेव्हिकॉल एम. आर., तोही सुईच्या टोकावर मावेल इतकाच. त्यात पाणी असतं, पातळ कागदाला जास्त लागला की सुरकुती पडते. बोलता बोलता बोटांवरचा वाळलेला थर सोलत राहायची त्यांना सवय आहे. नाना कुठे बसून गेले ते सतरंजीवरून कळतं. पावसाळ्यात हवा दमट, पुठ्ठा वाकतो, म्हणून आषाढात ते काम घेत नाहीत. एका गृहस्थांनी आषाढातला वाढदिवस सांगितला तेव्हा नाना म्हणाले, “तिथी चुकली.” दोष कागदाचा नाही, जन्माचा, असा एकूण सूर होता.

घरात काहीही टाकायचं नाही, हा नियम ओघानंच आला. साडीच्या खोक्यातला बटर पेपर, मिठाईच्या डब्यातली सोनेरी चकती, कॅलेंडरची कोरी पाठ. लग्नपत्रिका आली की आपण तारीख बघतो, नाना गणपती बघतात. ते कापून तीन खोक्यांत ठेवलेले आहेत, वर लेबलं: ‘गणपती, उजवी सोंड’, ‘गणपती, डावी सोंड’ आणि ‘गणपती, आधुनिक (सोंड समजत नाही)’. पत्रिकेत खाली ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं, ते नाना मन लावून वाचतात आणि म्हणतात, “बरोबर आहे. आपण आणतो तो आहेर नव्हे.”

या सगळ्यामुळे नानांच्या घरातलं जेवणाचं टेबल नाहीसं झालं. आधी त्यावर कटिंग मॅट आली, मग पट्ट्यांचे डबे, मग वाळत घातलेली कामं, मग वाळलेली पण न नेलेली कामं. “आमच्याकडे टेबल आहे,” काकू पाहुण्यांना सांगतात, “म्हणजे असावं. आम्ही घेतलं होतं.” काकू आणि नाना स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानं जेवतात. नाना त्याला ‘बुफे’ म्हणतात.

नानांची खरी कीर्ती झाली 2018 साली. त्या वर्षी राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि सोसायटीच्या गणपतीचं मखर कशाचं करायचं, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे पडला. नानांनी खोक्यांच्या पुठ्ठ्याचं मखर सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी समोरून, बाजूनं आणि वरून असे तीन नकाशे मंजुरीला ठेवले. मखर देखणं झालं. प्रत्येक खांबावर कागदी वेलबुट्टीत देणगीदाराचं नाव होतं, आणि घोटाळा तिथेच झाला. विसर्जनानंतर मखर मोडायला गेलो, तर ज्याच्या त्याच्या नावाचा खांब मोडायला कुणी तयार होईना. मखर पार्किंगमध्ये ठेवलं. अध्यक्षांची गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते.

मग बाहेरची कामं येऊ लागली. तरुण मुलांना ‘एक्स्प्लोजन बॉक्स’ हवा असतो. चार इंची चौकोनी खोकं, झाकण उचललं की चारही भिंती बाहेर पडतात, आत दुसरं खोकं, त्याच्या आत तिसरं, आणि भिंतीभिंतीवर फोटो. आतलं प्रत्येक खोकं पाव इंचानं लहान, झाकण मात्र केसभर मोठं. नाहीतर ते निघतच नाही किंवा राहतच नाही. “आयुष्यभर भिंती उभ्या राहाव्यात म्हणून नकाशे काढले,” नाना सांगतात, “आता चारही एकदम पडाव्यात म्हणून काढतो. लोक पैसेही देतात.”

पण ऑर्डर देण्याआधी माहितीचा तक्ता भरावा लागतो. फूलस्केपची दोन पानं: पूर्ण नाव, टोपणनाव (असल्यास), आवडता रंग, नावडता रंग, पहिली भेट (ठिकाण, दिशा, वेळ). एका आयटीतल्या मुलानं ‘गुडलक चौक’ इतकंच लिहिलं. नानांनी त्याला बोलावून घेतलं.

“चौकात नक्की कुठे?”

“असंच... कॉर्नरला, काका.”

“चौकाला कोपरे किती असतात? तुझी पाठ डेक्कनकडे होती की तिची?”

मुलाला आठवेना. त्यानं आडून आडून मुलीला विचारलं. ती म्हणाली, आपण आधी तिथे भेटलोच नव्हतो, आधी भेटलो ते कर्वे रस्त्यावरच्या बसथांब्यावर, आणि तुला एवढंही आठवत नाही? गुपित फुटलं, वर पंधरा दिवसांचा अबोला. नानांनी दरम्यान दोन्ही खोकी करून ठेवली होती, ‘पर्याय अ’ आणि ‘पर्याय ब’. अबोला संपला तेव्हा मुलानं ‘ब’ नेला. लग्नात नाना स्वतः ‘अ’ घेऊन गेले.

नानांच्या प्रत्येक वस्तूच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, नकाशावर असतो तसा चौकोन असतो. ‘कामाचे नाव: चि. व चि. सौ. कां. यांचा शुभविवाह. प्रमाण: एकास वीस. आरेखन: स्वतः. तपासले: स्वतः. सुधारणा क्र.: 2.’ मंजुरीची जागा कोरी असते, तिथे सासऱ्यांनी सही करावी अशी अपेक्षा असते. एका सासऱ्यांनी खरंच केली, वर शेरा मारला: ‘तत्त्वतः मान्य’.

नावं देवनागरीत वळवायची हे नानांचं खास काम. शिरोरेषेची एकच अखंड पट्टी धारेवर उभी करायची, मग तिला अक्षरं लावायची. ‘रमा’ दुपारच्या चहाआधी होते. पण हल्ली मुलांची नावं साधी नसतात. शेजारच्या विंगेत ‘शौर्य’ जन्माला आला तेव्हा नाना बारशाहून तोंड पाडून परतले. “काना, दोन मात्रा, वर रफार. रफार शिरोरेषेच्या वर अधांतरी उभा करायचा, त्याला खालून आधार नाही. मुलाला काय, हाक मारली की झालं.” तेव्हापासून सोसायटीत कुणाला दिवस गेले की नाना पेढ्यांआधी एक यादी पाठवतात: उमा, कमल, अजय, मदन.

पैशांचा विषय निघाला की समोरचा हमखास म्हणतो, “नाना, कागदच तर आहे.” नाना शांतपणे खिशातून नोट काढतात. “हाही कागदच. सुताचा, शंभर टक्के कापूस. आणि यावर तुमचं नावसुद्धा नाही.” तरी ते पैसे बेताचेच घेतात, आणि सोसायटीतल्यांकडून घेतच नाहीत. तिथेच आमची कोंडी होते. विकतची वस्तू माणूस माळ्यावर टाकू शकतो. फुकट मिळालेली भिंतीवर लावावी लागते. कारण नाना पाहणीला येतात.

ते चहाला म्हणून येतात, पण त्यांचा डोळा कपात नसतो. दिवाणखान्यात चौकट दिसली नाही तर ते काही बोलत नाहीत. फक्त रिकाम्या भिंतीकडे पाहत बिस्किट बुडवतात. म्हणून सोसायटीत नानांना वगळून एक व्हॉट्सअॅप गट आहे. त्यावर ‘निघाले’ इतका एकच शब्द येतो, आणि घरोघरी माळ्यावरून चौकटी खाली येतात, धूळ फुंकली जाते, मोनालिसा सोफ्यामागे जाते. एकदा वरच्या मजल्यावर गडबडीत दुसऱ्यांचीच चौकट लागली. नाना बराच वेळ निरखत राहिले. “काम चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण तुमचं लग्न मे महिन्यात झालं होतं.” चौकट बरोबर असली तरी सुटका नाही. ते सहा इंची पट्टी लावतात. “शिरोरेषा दोन मिलिमीटर खाली आली. उन्हात ठेवता वाटतं?” मग चौकट दुरुस्तीला जाते आणि अधिक मोठी होऊन येते.

अखेर इमारत पुनर्विकासाला गेली. सगळ्यांना भाड्याच्या घरांत जायचं होतं, आणि मनात एकच विचार होता, जो कुणी बोलून दाखवत नव्हतं. लेमन सेट वाटले गेले, घड्याळं गेली. रद्दीवाल्याला बोलावलं. त्यानं नानांची एक चौकट हातात घेतली, उलटी केली, नखानं टोकरली आणि खाली ठेवली. “साहेब, यात कागद कमी, फेव्हिकॉल जास्त. रद्दीत धरत नाहीत.” शिवाय, तो म्हणाला, वर तुमच्या मिसेसचं नाव आहे, बरं दिसत नाही. सगळ्या चौकटी बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत चढल्या. काचेच्या सामानाआधी.

नाना तेव्हा शेवटचं मोठं काम करत होते: जुन्या इमारतीची कागदी प्रतिकृती, एकास पन्नास. साडेबारा मीटरची इमारत त्यात पंचवीस सेंटिमीटर होते. मजले सुटे, एकेक उचलला की आतली घरं दिसतात. कुणाचा झोपाळा, कुणाचं देवघर, कुणाच्या दाराला दोन कड्या. नानांनी महिनाभर मोजपट्टी घेऊन घरोघर मापं घेतली. प्रतिकृती सभेत ठेवली तेव्हा सगळे पाच मिनिटं नुसते बघत राहिले, आणि मग भांडणं लागली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅलरी बंद करून खोली केली होती, ती जशीच्या तशी दाखवलेली. ते म्हणाले, नाना, बिल्डरची माणसं बघतील, ती भिंत काढा. त्यांच्या शेजाऱ्यांची गॅलरी उघडी होती. ते म्हणाले, आमची बंद दाखवा, नवीन घरात क्षेत्रफळ धरतील. नानांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, “जागेवर जे आहे ते आहे. दुरुस्तीचे अर्ज लेखी द्या.”

अर्ज आले, नानांनी सगळे फेटाळले. शेवटचा अर्ज त्यांच्याच घरातून आला होता. विषय: ‘प्रतिकृतीत पहिल्या मजल्यावरील जेवणाचे टेबल न दाखविल्याबाबत.’ नानांनी शेरा मारला: ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता टेबल आढळून आले नाही.’ काकूंनी फेरअर्ज केला: ‘पाहणी वरवरची झाली आहे. कागद उचलून पाहावे.’

नाना नियमाला बांधलेले. त्यांनी दोन दिवस खपून कागद उचलले. खाली नातीचा मूळ संच सापडला, विजेची तीन बिलं सापडली, ‘पर्याय क’ असं लिहिलेलं एक खोकं सापडलं, आणि सगळ्यात शेवटी टेबल. सहा फूट बाय साडेतीन, वर फुलाफुलांचा सनमायका. काकूंनी त्याला दोनदा हात लावून पाहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आळूचं फदफदं, जिलबी आणि बसायला खुर्च्या. नाना मधूनच उठून टेबलाच्या पायांचा घेर मोजत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या टेबलाची प्रतिकृती करायला घेतली. एकास पन्नासमध्ये ते जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब होतं. पण तेवढ्यासाठीसुद्धा कटिंग मॅट लागते, दोन जाडीचे पुठ्ठे लागतात, सनमायक्यावरची फुलं वळायला पट्ट्यांचे सगळे डबे उघडावे लागतात, आणि ते मांडायला घरात सपाट अशी जागा एकच होती. काकू ओट्याशी उभ्या राहून जेवल्या आणि ‘टेबल पुन्हा नाहीसे झाल्याबाबत’ नवा अर्ज लिहायला बसल्या. कागद मागायला त्यांना लांब जावं लागलं नाही.